हरण्याच्या क्षेत्रातील उज्ज्वल संधी

रंजनोपचारक या व्यवसायाला उत्तम भवितव्य आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. लोकांचं आयुष्य वाढतंय, आजार वाढताहेत आणि घरात एकमेकांशी खेळायला कोणी उरलेलं नाही. या तिन्ही आघाड्यांवर समाजाची प्रगती अशीच चालू राहिली, तर रुग्णांना खेळवणाऱ्या, गायला लावणाऱ्या, चिखलात हात घालायला लावणाऱ्या आणि त्यातून त्यांचे हातपाय आणि मन पुन्हा चालू करणाऱ्या प्रशिक्षित माणसांना मागणी वाढतच जाणार, असं तज्ज्ञांचं मत आहे. तज्ज्ञ म्हणजे मी. मी करिअर मार्गदर्शन केंद्र चालवतो. स्वतः कुठलंच करिअर न केल्यामुळे माझा सल्ला निःपक्षपाती असतो, असा माझा लौकिक आहे.

वेतनाबद्दल पालक हमखास विचारतात. वेतन ठीक असतं. डॉक्टरच्या वेतनाशी त्याची तुलना करू नये, आणि फिजिओथेरपिस्टच्या वेतनाशी करायचीच असेल तर मनातल्या मनात करावी. मात्र या कामात मानसिक समाधान फार आहे, आणि त्याची किंमत आधीच वजा करून पगार ठरवण्याची सोय बहुतेक संस्थांनी केलेली आहे.

माझ्या भाचीला या क्षेत्रात मीच ढकललं. तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, ती बँकेत जायला हवी होती.

"खेळायचा पगार कोण देतं रे?" ताईनं विचारलं.

"ताई, जग कुठल्या कुठे गेलंय."

"जग गेलं असेल, पण पोरगी माझ्याकडेच राहायची आहे ना?"

शेवटी पोरगी गेली. चार वर्षं शिकली. कुठली नस कुठल्या बोटाला जाते, निराश माणूस सकाळी का उठत नाही, कुठल्या खेळात कुठला स्नायू त्याच्या मालकाच्या नकळत जागा होतो, हे सगळं शिकली. मग तिला एका मोठ्या पुनर्वसन रुग्णालयात कंत्राटी नेमणूक मिळाली. वर्षभर काम बघायचं, पसंत पडलं तर कायम करायचं, नाहीतर निरोप. कायम व्हावं असं ताईला तर वाटत होतंच, पण भाचीला त्याहून जास्त वाटत होतं. ती त्या खोलीच्या प्रेमातच पडली होती.

ती खोली तळघरात, धुलाईघर आणि लिफ्टचं यंत्र यांच्या मधोमध होती. आत एक टेबल टेनिसचं टेबल, काही बुद्धिबळाचे पट, मातीकामाचं एक पिंप आणि भिंतीवर एक फळा. लिफ्ट सुरू झाली की टेबलाची एक बाजू थरथरायची. आल्या दिवसापासून तक्रार करावी अशी जागा, पण भाचीनं ती थरथर कामाला लावली होती. चेंडू हुकायला तिला सबळ कारण मिळायचं.

कारण तिचं मुख्य काम हरण्याचं होतं. हे मला कळलं तेव्हा मी हादरलो. एकदा सहज बघायला म्हणून गेलो, तर समोर कप्तान उभा. हा निवृत्त बसचालक. सगळं रुग्णालय त्याला कप्तान म्हणायचं, कारण व्हीलचेअर ढकलणाऱ्यालाही तो कुठे वळायचं ते सांगायचा. पक्षाघातानंतर त्याचा उजवा हात दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा लोंबत होता. फिजिओथेरपिस्टनं त्याला रबरी चेंडू दाबायला दिला, तो त्यानं फिजिओथेरपिस्टलाच फेकून मारला. तोही डाव्या हातानं. त्यानंतर तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा.

भाचीनं त्याला उपचार करते असं सांगितलंच नाही. "काका, माझ्याशी खेळायला कोणी नाही. दोन मिनिटं उभे राहता का?" एवढंच म्हणाली. आता तो रोज सकाळी दाढी करून, केस बसवून सगळ्यांच्या आधी खोलीच्या दाराशी हजर असायचा.

मी बघत होतो. त्याचा उजवा हात काल जिथपर्यंत पोचला होता, त्याच्या वीतभर पुढे ती चेंडू टाकायची. तो शिव्या घालत पोचायचा. मध्येच ती दोन गुण असे घ्यायची, की त्याचं डोकं फिरायचं. शेवटी अकरा-नऊ. कप्तान जिंकला. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"पोरी, तुझा बॅकहँड कच्चा आहे," कप्तान धापा टाकत म्हणाला. "मनगट सैल सोड. उद्या शिकवतो."

"उद्या बघतेच तुम्हाला," ती म्हणाली.

तो गेल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "अगं, शाळेत तू जिल्ह्यात पहिली आली होतीस ना?"

"हो. म्हणून तर जमतं. मामा, जिंकायला नुसता खेळ आला तरी पुरतं. हरायला समोरचा माणूस कळावा लागतो. अकरा-तीननं हरले तर त्यांना कळेल मी दया दाखवतेय, आणि मग हात पुन्हा लोंबायला लागेल."

मला हे पटलं नाही. हरणाऱ्या माणसाला बढती मिळाल्याचं उदाहरण माझ्या केंद्रात कुठेही नोंदलेलं नव्हतं. पण आजूबाजूला बघितलं तर हात हलत होते, पाय टेकत होते, बोलणं थांबलेली एक शिक्षिका बुद्धिबळात वजीर मारून "शह!" म्हणून ओरडली होती. तेव्हा मी गप्प बसलो.

वर्ष संपत आलं तसे प्रशासन अधिकारी मूल्यमापनाला आले. हे गृहस्थ पूर्वी पंख्यांच्या कारखान्यात होते. तिथे न फिरणारा पंखा एका बाजूला आणि फिरणारा दुसऱ्या बाजूला ठेवायची पद्धत त्यांनी घालून दिली होती, आणि त्या कर्तबगारीवर त्यांना इथे आणलं होतं. खोलीत येऊन त्यांनी सरळ भिंतीवरचा फळा वाचायला घेतला. फळ्यावर डाव्या बाजूला 'रुग्ण' आणि उजव्या बाजूला 'उपचारक' असे रकाने होते. रोजचा निकाल त्यावर लिहिला जायचा, कारण रुग्णांना तो वाचायला फार आवडायचा.

"उजवा रकाना रिकामा का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मी जिंकत नाही, म्हणून," भाची म्हणाली.

"कधीच?"

"नाही."

"म्हणजे संस्था पगार देते, आणि तुम्ही संस्थेतर्फे रोज हरता?"

"सर, तोच उपचार आहे. ते जिंकले की पुन्हा येतात. आले की हात हलतो."

"आमचे सर्जन रोगापुढे हरतात का?"

"मी रोगापुढे हरत नाही सर. रोग्यापुढे हरते."

अधिकाऱ्यांनी फळा पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. "हरायला पदवी कशाला लागते? ते मलाही येतं."

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं. 'रंजन विभागातील उपचारकांची कामगिरी शून्य टक्के असल्याचे निदर्शनास आले आहे. यापुढे प्रत्येक उपचारकाने किमान साठ टक्के सामने जिंकणे बंधनकारक राहील. कायम नेमणुकीचा विचार करताना विजयाचे प्रमाण हाच एकमेव निकष धरला जाईल.'

भाची ते घेऊन माझ्याकडे आली. डोळे लाल झालेले होते. मी तिला अनुभवाच्या आधारे मार्गदर्शन केलं. "आधी कायम हो. तत्त्वं कायम झाल्यानंतर पाळायची असतात. तेव्हा भरपूर वेळही असतो."

ती जिंकू लागली. जिंकणं तिला अजिबात जड गेलं नाही. कप्तान पहिल्या दिवशी अकरा-दोननं हरला. त्यानं बॅट टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी दाढी केली नाही. शिक्षिकेनं पुन्हा बोलणं बंद केलं. चार-पाच जणांनी वॉर्डात भिंतीकडे तोंड करून पडायला सुरुवात केली, आणि बरे होऊन घरी जायच्या बेतात असलेले दोघेजण बेत रद्द करून थांबले.

त्यामुळे रुग्णालयाची भरभराट झाली. खाटा भरलेल्या राहू लागल्या. रुग्णांचा सरासरी मुक्काम वाढला. महिनाअखेरीच्या बैठकीत अधिकाऱ्यांनी आलेख दाखवला, आणि वर चढणारी रेघ पाहून संचालकांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. 'रुग्ण संस्थेत अधिक काळ रमू लागले आहेत,' अशी नोंद झाली. भाचीला प्रशस्तिपत्रक मिळालं. ताईनं ते फ्रेम करून आणलं. भाचीनं ते भिंतीकडे तोंड करून टांगलं.

पण नातेवाईक ओरडू लागले. विशेष खोलीतल्या एका रुग्णाचा मुलगा थेट अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये घुसला. "आम्ही एवढे पैसे भरतो, आणि तुमची ती मुलगी माझ्या वडिलांना हरवते? खोलीत टीव्ही आहे, फ्रिज आहे, जिंकणं तेवढं नाही?"

अधिकारी दचकले नाहीत. कारखान्यातला माणूस, मागणी ऐकली की त्याचे कान टवकारतात. आठवडाभरात नवी योजना आली. सामान्य वॉर्डातल्या रुग्णांनी नियमाप्रमाणे हरावं. दोन खाटांच्या खोलीसाठी बरोबरी. विशेष खोलीला रोज एक विजय मोफत, आणि त्याहून वरच्या खोलीला दणदणीत विजय, शेवटी उपचारकाच्या टाळ्यांसह. शिक्षिकेच्या भावानं आधी बरोबरी घेतली, मग हप्त्यानं विजयावर गेला.

"अहो, पण विकत घेतलंय हे माहीत असलं, तर जिंकल्यासारखं वाटेल कसं?" भाचीनं अधिकाऱ्यांना विचारलं.

"मॅडम, लोकांना विकत घेतलेल्या गोष्टीचंच खरं सुख होतं," अधिकारी म्हणाले, आणि या बाबतीत ते पूर्ण चुकत होते असं मला आजही म्हणवत नाही.

कप्तान सामान्य वॉर्डात होता. त्याच्या वाट्याला हरणंच होतं. भाचीला ते सहन होईना. दुपारी जेवणाच्या सुट्टीत खोलीचं दार लोटून घेऊन ती त्याच्याशी खेळायला लागली, आणि फुकट हरायला लागली. आधी तो येतच नव्हता. "काका, बॅकहँड अजून कच्चाच आहे, शिकवणार होतात ना," म्हणून तिनं त्याला ओढून आणलं. तो आठवड्यात पुन्हा दाढी करू लागला. पुढे एकदा त्यानं उजव्या हातानं शर्टाची बटणं लावली, आणि ती लागली आहेत हे त्याच्या दुपारी लक्षात आलं.

ही गोष्ट किती दिवस लपणार? धुलाईघरातून चेंडूचा आवाज वर पोचला. भाचीला नोटीस आली. 'आपण कार्यालयीन वेळेबाहेर, सामान्य वॉर्डातील रुग्णास, कोणतेही शुल्क न आकारता अनधिकृत पराभव दिल्याचे आढळून आले आहे. संस्थेच्या पराभवावर सर्वस्वी संस्थेचा हक्क असल्याने, आपणास कायम का करावे याचा खुलासा करावा.'

खुलासा मीच लिहून दिला. बचावाला मी कप्तानलाच पुढे करायचं ठरवलं. माणूस चालत घरी निघाला होता, याहून मोठा पुरावा कुठला? डिस्चार्जच्या दिवशी त्याला अधिकाऱ्यांसमोर उभं केलं.

"या मुलीमुळे तुम्ही बरे झालात ना?" मी त्याला आडून सुचवलं.

"हिच्यामुळे?" कप्तान हसला. "पोरगी गुणाची आहे, माझ्या नातीसारखी. पण साहेब, खरं सांगू? खेळ कच्चा आहे हो. मी हात बरा नसताना हिला रोज हरवली. मध्ये थोडे दिवस नशिबानं जिंकली. तुम्ही हिला खेळाचं काम नका देऊ, उगाच बिचारीची फजिती. दुसरं काही द्या."

असं म्हणून त्यानं उजव्या हातानं पिशवी उचलली, अधिकाऱ्यांना सलाम ठोकला आणि निघून गेला. अधिकाऱ्यांनी त्याचं म्हणणं जसंच्या तसं नोंदवून घेतलं. मी भाचीकडे पाहिलं, तर बाई खुशीत! "मामा, पाहिलंस? त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही," ती कुजबुजली. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

एवढं होऊनही तिची संधी संपली नव्हती, आणि याचं श्रेय या क्षेत्राच्या उज्ज्वल भवितव्यालाच द्यावं लागेल. विजयाची मागणी इतकी वाढली, की हरणाऱ्यांचा तुटवडा पडला. संस्थेनं नवीन पद निर्माण केलं: वरिष्ठ पराजित, कायम. नोटीस गुंडाळून ठेवून भाचीलाही मुलाखतीला बोलावलं. माझ्या केंद्रात फोन खणखणू लागले. मुलगा काहीच करत नाही, हे त्याला जमेल का, असं पालक विचारू लागले.

शेवटी तीन उमेदवार उरले. माझी भाची. तीन वेळा निवडणुकीला उभं राहून तिन्ही वेळा अनामत गमावलेला एक अनुभवी गृहस्थ. आणि प्रशासन अधिकाऱ्यांचे साडू, ज्यांच्या अर्जात अनुभवाच्या रकान्यात 'घरगुती' असं लिहिलं होतं. परीक्षा प्रात्यक्षिक होती. प्रत्येकानं खुद्द संचालकांशी एक गेम खेळायचा आणि हरून दाखवायचं. मी दाराच्या काचेला नाक लावून उभा राहिलो.

संचालक साठीला टेकलेले, भारदस्त, जिना चढताना कठड्याला घट्ट धरणारे गृहस्थ. त्यांच्यासमोर साडूंनी पहिला चेंडू जाळीत मारला, दुसरा छताला, तिसऱ्याला बॅट हातातून सोडून दिली. मग जमिनीवर बसून "साहेब, तुमच्यापुढे आमचं काय चालणार!" म्हणाले. अकरा-शून्य. परीक्षकांनी माना डोलावल्या. पराभव अगदी नजरेत भरणारा होता. निवडणूकवाले गृहस्थही शून्यावर हरले, पण हरल्यावर त्यांनी उपस्थितांचे आभार मानायला सुरुवात केली आणि ती लवकर संपेना, म्हणून त्यांचे गुण कापले गेले.

मग भाची उभी राहिली. चार चेंडूंतच संचालकांनी कोट काढला. सातव्या गुणाला चष्मा पुसला. दहा-दहा झाल्यावर त्यांच्या तोंडून अशी शिवी बाहेर पडली, जी त्यांनी बहुधा शाळेनंतर वापरली नसावी. तेरा-अकरानं ते जिंकले आणि दोन्ही हात वर करून लहान मुलासारखे ओरडले. भाचीनं खांदे पाडले. मी काचेमागे टाळ्या पिटल्या. असा बिनचूक पराभव मी आयुष्यात पाहिलेला नव्हता.

निकाल लागला. साडूंची निवड. भाचीच्या नावापुढे शेरा होता: 'उमेदवाराने शेवटपर्यंत जिंकण्याचा कसून प्रयत्न केला. हरण्याची वृत्ती कोठेही दिसून आली नाही. खेळ कच्चा असल्याबद्दल रुग्णाचे निवेदन सोबत आहे. कच्चा खेळ असूनही जिंकण्याची हाव, हे या पदास मारक आहे. अपात्र.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाची नको नको म्हणत असताना मी तिला घेऊन संचालकांच्या केबिनमध्ये शिरलो. प्रशासन अधिकारी तिथेच होते. संचालक टेबलावरचा पेपरवेट हातात घेऊन त्यांना शेवटचा फटका पुन्हा करून दाखवत होते. "कोपऱ्यात टाकला बघा, असा! मुलगी चांगली खेळते, पण कोपरा तिला झेपला नाही."

"साहेब," मी म्हणालो, "ती मुद्दाम हरली."

संचालकांचा हात हवेतच थांबला. "मुद्दाम?"

"अगदी पहिल्या चेंडूपासून. तुम्हाला कळलं नाही, हीच तर तिची लायकी आहे. साडूंचं हरणं शेंबड्या पोरालाही कळेल."

संचालक खुर्चीत बसले. एकदम वय झाल्यासारखे दिसले. "तेरा-अकरा... मुद्दाम?" ते स्वतःशीच म्हणाले. मी इतका मोठा घाव घालतोय, याची मला तेव्हा कल्पना नव्हती, आणि खरं सांगायचं तर पर्वाही नव्हती.

अधिकाऱ्यांनी तोडगा काढला. "सिद्ध करा. आत्ता पुन्हा खेळ होईल. मॅडमनी साहेबांना सपशेल हरवलं, तर परवाचा पराभव मुद्दाम होता हे मान्य करू, आणि त्यांना वरिष्ठ पराजित म्हणून कायम करू. त्या हरल्या, तर परवाही खऱ्याच हरल्या होत्या असं समजू, आणि मग त्या या पदाला लायक नाहीत."

मला हे एकदम तर्कशुद्ध वाटलं. हरण्याची नोकरी मिळवण्यासाठी एकदा जिंकायचं, बस्स! खाली खोलीत जाताना मी भाचीच्या कानात सांगितलं, "आज दया नको. मुळीच नको. ताईचा विचार कर."

तिनं खरंच ताईचा विचार केला असावा. बघता बघता दहा-चार झालं. संचालकांना चेंडू दिसतही नव्हता. आणखी एक गुण, की भाची कायम! मी मनातल्या मनात पेढे वाटले, ताईला फोनसुद्धा लावला.

सर्व्हिस संचालकांची होती. ते चेंडू हातात धरून उभेच राहिले. टेबलावरून थोडं वाकून, फक्त तिला ऐकू जाईल अशा बेतानं त्यांनी विचारलं, पण खोली लहान असल्यामुळे मलाही ऐकू आलं. "मुली, खरं सांग. परवा... एकही गुण माझा नव्हता का?"

भाची त्यांच्याकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखली. कप्तानकडे ती असंच बघायची.

"काय बोलता सर," ती म्हणाली. "मामा काहीही सांगतो. करा सर्व्हिस."

पुढचा चेंडू तिनं केसभर बाहेर मारला. त्याच्या पुढचा जाळीला लागून तिच्याच बाजूला पडला. मग लिफ्ट सुरू झाली, टेबल थरथरलं, आणखी एक हुकला. संचालकांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. दहा-सात. दहा-नऊ. एका चेंडूला तर ते चक्क धावले. बारा-दहानं ते जिंकले तेव्हा अधिकारी माझ्याकडे वळून म्हणाले, "सिद्ध झालं. त्या खऱ्याच हरतात."

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच तिच्यावर बरसलो. "अगं, एक गुण! एका गुणासाठी तू आयुष्य घालवलंस! कोण लागतो तो तुझा?"

"ते कठड्याला धरून जिना चढायचे, मामा. आज धावले, बघितलंस?" ती रडत होती, आणि त्याच वेळी तिला आनंदही झाला होता. "सगळे त्यांच्याशी शून्यावर हरतात रे. इतकी वर्षं. एक गेम तरी त्यांना कोणी दिला होता का?"

"पण तुझी नोकरी गेली!"

"हो," ती म्हणाली, आणि मग मात्र नुसतीच रडली. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. जन्मभर दुसऱ्यांना वाटा दाखवणाऱ्या माणसानं त्या फुटपाथवर तिला फक्त रिक्षा बघून दिली.

साडू कायम झाले. संचालक रोज त्यांना अकरा-शून्यनं हरवतात आणि कंटाळून वर जातात. मात्र जिना ते आता कठड्याशिवाय चढतात. येईल त्या पाहुण्याला त्या मुलीबरोबरच्या दोन सामन्यांची हकीकत सांगतात. विभागाच्या नोंदीत त्यांचं नाव कुठेही नाही. ते रुग्ण नव्हते.

भाची घरी बसल्यावर मी कर्तव्य म्हणून ताईकडे गेलो. मी भाचीला बँकेच्या परीक्षेचं सुचवलं. ती सहजासहजी ऐकणारी नव्हती. तिनं असे मुद्दे काढले, की मला घाम फुटला. एकदा तर मी पार अडकलो होतो. पण अनुभव अनुभवच असतो. मी तिच्या एकेका मुद्द्याला उत्तर दिलं, आणि शेवटी, अगदी शेवटी, तिनं हात टेकले.

"तुझं अगदी बरोबर आहे मामा," ती म्हणाली. "माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

मी हवेत तरंगत घरी आलो. पोटभर जेवलो. कित्येक महिन्यांत आली नव्हती अशी झोप आली. दोन दिवस माझ्या बोलण्याला अशी काही धार आली होती, की केंद्रात आलेले पालक वह्या काढून लिहून घेत होते. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. पोरीनं बँकेचा अर्ज भरलेलाच नव्हता. शेजारच्या बंद गॅरेजमध्ये तिनं एक जुनं टेबल आणून लावलं होतं, आणि गल्लीतले म्हातारे सकाळी दाढ्या करून तिथे जायला लागले होते. मी फोन ठेवला आणि त्या दिवशीचा तिचा एकेक मुद्दा आठवून बघू लागलो.

तेव्हा या क्षेत्राबद्दल माझा अंतिम सल्ला असा. पात्रता अवघड, वेतन थोडं, कायम होण्याची शक्यता नाही. आणि काम उत्तम झालं, तर ते झालं हे कोणाला कळतही नाही. वाचकहो, तुमच्याही घरात किंवा कार्यालयात असं एखादं माणूस असेल. तुमच्याशी चांगलं तासभर भांडतं, तुम्हाला घाम फोडतं आणि शेवटी थोडक्यात हरतं. आठवून बघा. त्या दिवशी तुम्हाला भूक चांगली लागली होती का?

काय म्हणता? तुमच्या बाबतीत तसं काही नाही? तुम्ही आजवर जे जिंकलात, ते स्वतःच्या जोरावर जिंकलात?

तुमचं अगदी बरोबर आहे. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.